अर्ध्या तिकिटांचा इतिहास

दरवर्षी दिवाळीच्या आदल्या रविवारी आमच्या घरी एक सामना होतो. मी स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान खाली देत असतो, आमची ही खाली उभी राहून ते झेलत असते आणि प्रत्येक वस्तू हातात आली की एकच प्रश्न विचारते, "अहो, हे ठेवायचं की टाकायचं?" प्रश्न मला असतो, उत्तर तिचं ठरलेलं असतं. गेल्या पंधरा दिवाळ्यांत या सामन्यात मी बरंच काही गमावलंय. कॉलेजातल्या कॉस्टिंगच्या वह्या गेल्या, मामांनी दिलेला टेपरेकॉर्डर गेला, एक तीन पायांचं टेबल गेलं. फक्त एका डब्यावर मी अजून नाबाद आहे.

डबा बिस्किटांचा आहे, पत्र्याचा, चौकोनी. झाकणावर एके काळी बिस्कीट खाणारी गोरी मुलगी होती. आता तिचा एक डोळा आणि फ्रॉक तेवढा उरलाय. आत क्रिकेटच्या सामन्यांची सदतीस तिकिटं आहेत. तिकिटं म्हणजे तिकिटांची अर्धुकं. गेटावरच्या माणसानं फाडून आपला हिस्सा ठेवून घेतल्यावर आपल्या हातात जो तुकडा उरतो, तो.

"अहो, ज्या सामन्याचा निकालसुद्धा लागून गेला, त्याचं तिकीट कशाला सांभाळायचं?" इति सौभाग्यवती.

"मग आपल्या लग्नाची पत्रिका कशाला सांभाळायची?" मी एकदा विचारलं होतं.

"तीही टाकू या," ती म्हणाली. तेव्हापासून मी युक्तिवाद बंद केला. नुसता डबा धरून ठेवतो.

मी बँकेत क्लार्क आहे. माझा सगळा जन्म अर्ध्या कागदांवर चाललाय. पैसे भरायची स्लिप दोन तुकड्यांची असते. मोठा तुकडा बँकेचा, छोटा शिक्का मारून गिऱ्हाइकाचा. या छोट्या तुकड्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो आणि शासकीय मराठीत त्याला म्हणतात स्थळप्रत. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, घरात माझ्या लग्नाचं बघत होते. त्यामुळे स्थळप्रत म्हणजे मुलीची पत्रिका, फोटो वगैरे असावं असा माझा काही दिवस प्रामाणिक समज होता. असो. सांगायचा मुद्दा असा, की स्थळप्रतीवाचून व्यवहार झाला हे सिद्ध करता येत नाही. 'मी भरले होते हो पैसे' असं तोंडी सांगणारा माणूस कितीही सज्जन असला, तरी आम्ही त्याला विचारतो, "काउंटरफॉइल आहे?"

आता तुम्ही म्हणाल, तिकिटाच्या तुकड्याचं एवढं काय कौतुक? वाचकहो, या शहराचा क्रिकेटचा इतिहास जरा उलगडून बघा. त्यात बॅट आणि चेंडू नंतर येतात. आधी येतं तिकीट.

हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये मुंबईत झाला तो बॉम्बे जिमखान्यावर. समोर डग्लस जार्डिनचा इंग्लंडचा संघ, आपला कप्तान सी. के. नायडू. दुसऱ्या डावात लाला अमरनाथनं 118 धावा काढल्या, आपलं पहिलं कसोटी शतक. लोक वेडे होऊन मैदानात धावले. सामना आपण नऊ गडी राखून हरलो, पण ती गोष्ट सांगताना निकाल कुणी सांगत नाही. जिमखाना साहेबांचा. एरवी आपल्या माणसाला तिथं दारातूनच परत फिरावं लागे, मेंबर होणं तर दूरच. मग चर्चगेटला समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियानं स्वतःचं स्टेडियम बांधलं. 7 डिसेंबर 1937 ला त्याचं उद्घाटन झालं आणि गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांचं नाव त्याला मिळालं. देशातलं पहिलं मोठं स्टेडियम! आणि पहिल्याच वर्षी काय झालं? नव्या स्टेडियममध्ये आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून हिंदू जिमखान्यानं पंचरंगी सामन्यांत संघच उतरवला नाही. एकही चेंडू न पडता खुर्च्यांवरून सामना संपला.

पुढची गोष्ट याहून मोठी. ब्रेबोर्न क्लबच्या मालकीचं, आणि शहरातलं क्रिकेट चालवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. कसोटी आली की असोसिएशन म्हणणार, आमच्या क्लबांना तिकिटं जास्त द्या. क्लब म्हणणार, जागा आमची आहे. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी ठरवलं, तुमचं स्टेडियम तुम्हाला लखलाभ, आम्ही आमचं बांधतो. आणि वर्ष-सव्वा वर्षात चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मध्ये, रेल्वेच्या रुळांना खेटून, ब्रेबोर्नपासून चालत दहा मिनिटांवर दुसरं स्टेडियम उभं राहिलंसुद्धा. जानेवारी 1975 मध्ये तिथं वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली, क्लाइव्ह लॉइडनं नाबाद 242 धावा ठोकल्या. त्याचं अभिनंदन करायला धावलेल्या एका पोराला पोलिसांनी बडवलं, आणि नव्या वास्तूची वास्तुशांत दंग्यानं झाली. ब्रेबोर्नवर मात्र 1973 नंतर पुढची कसोटी व्हायला 2009 साल उजाडलं. छत्तीस वर्षं!

म्हणजे बघा, भाऊबंदकीत आपल्याकडे लोक अंगणात भिंत बांधतात. इथं तिकिटांपायी अख्खं स्टेडियम बांधलं. आणि आमची ही म्हणते, तिकिटाच्या तुकड्यात काय आहे!

माझ्या डब्यातलं सगळ्यात जुनं अर्धुक माझं नव्हे, वडिलांचं आहे. फेब्रुवारी 1980, क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची इंग्लंडविरुद्धची कसोटी. मी तेव्हा पाळण्यात होतो. या सामन्यात पहिल्या दिवसानंतर लगेच सुट्टी होती, कारण 16 फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. इयन बॉथमनं शतक काढलं आणि वर तेरा बळी घेतले, आपण दहा गडी राखून हरलो. पण वडील बॉथमचं नाव घेत नसत. ते सांगायचे विश्वनाथची गोष्ट. अंपायरनं बॉब टेलरला झेलबाद दिलं होतं, टेलर निघालाही होता. कप्तान विश्वनाथला वाटलं, बॅट लागलेली नाही. त्यानं टेलरला परत बोलावलं. मग टेलर आणि बॉथम यांनी 171 धावांची भागी केली आणि सामना आपल्या हातून गेला. घरात कुणी खोटं बोलताना सापडलं, दुधात पाणी निघालं, माझ्या प्रगतिपुस्तकावर सही कुणी केली असा प्रश्न उभा राहिला, की वडील विश्वनाथला बोलवायचे. "सामना गेला तरी चालेल, पण खोटा बळी नको!" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की विश्वनाथ आमचे कुणीतरी चुलते असावेत असं मला वाटे.

डबा वडिलांनी मला दिला आणि त्यात भर आम्ही चौघांनी घातली. चौघेही गिरगावातल्या एकाच चाळीतले. खरी नावं सांगत नाही, कारण एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारल्याचं मलाही आठवत नाही. एक 'स्कोअरबोर्ड'. हा शंभर पानी वही घेऊन यायचा आणि प्रत्येक चेंडू टिपायचा. लिहिताना मान खाली असल्यामुळे त्याला चेंडू दिसत नसे. तो आम्हाला विचारून लिहायचा. दुसरा 'अंपायर'. याला कुठलाच निर्णय मान्य नसे, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला तो पटवून दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तिसरा 'डबेवाला'. त्याची आई चौघांना पुरतील एवढ्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि कोथिंबीर वड्या बांधून द्यायची. डबा आत नेता येत नसे म्हणून आम्ही तो गेटाबाहेरच सकाळी साडेआठला संपवत असू. जगात दुपारचं जेवण सकाळी साडेआठला उरकणारे आम्हीच. आणि चौथा मी, 'क्लार्क'. बँकेत लागायच्या आधीपासूनच माझं हे नाव होतं, कारण सामना संपला की सगळ्यांची अर्धुकं गोळा करून डब्यात जमा करणं हे काम माझ्याकडे होतं. नियतीच्या मनात काय आहे ते चाळीतल्या पोरांना आधी कळतं.

आमचा सगळ्यात थोर सामना 1991 सालच्या मे महिन्यातला, आणि त्याचं तिकीटच नाही. मुंबई-हरियाणा, रणजीचा अंतिम सामना, वानखेडेवर. मुंबईला जिंकायला 355 हवे. कोवळ्या तेंडुलकरनं 96 काढले, वेंगसरकर 139 वर नाबाद राहिला, आणि शेवटचा गडी धावबाद होऊन आपण दोन धावांनी हरलो. दोन! वेंगसरकर रडला. आम्ही बारा वर्षांची पोरं, एका मोठ्या माणसाच्या मागून आत घुसलेली, आम्हीही रडलो. पण काउंटरफॉइल नाही. बँकेच्या हिशेबानं आम्ही तिथं नव्हतोच.

27 फेब्रुवारी 1996 चं अर्धुक मात्र आहे. विश्वचषक, ऑस्ट्रेलिया, वानखेडेवर पहिल्यांदाच दिव्यांच्या उजेडात आंतरराष्ट्रीय सामना. आमची बारावी तोंडावर होती. मार्क वॉनं 126 केले, तेंडुलकर 90 वर यष्टिचीत झाला, 16 धावांनी गेलो. फेब्रुवारी 2001 चं आहे, ब्रॅडमन वारले त्याच आठवड्यातलं. त्यात तेंडुलकरनं मारलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या लँगरच्या पाठीवर आपटून उडाला आणि पाँटिंगनं धावत जाऊन झेलला. 'अंपायर' अजून म्हणतो की पाठीवरून आलेला झेल माणुसकीला धरून नाही. फेब्रुवारी 2002 चं आहे, पाच धावांनी हरलो आणि फ्लिंटॉफ शर्ट काढून धावत सुटला तो.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आमची बहुतेक अर्धुकं पराभवाची आहेत. 2 एप्रिल 2011 ला याच वानखेडेवर आपण विश्वचषक जिंकला, तेव्हा आम्ही चौघे 'डबेवाल्या'च्या घरी टीव्हीसमोर होतो. त्या दिवशी नाणेफेक दोनदा झाली, पण आम्हाला तिकीट एकदाही मिळालं नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. अर्धुक सगळं सांगतं: तारीख, स्टँड, रांग, खुर्ची. शेजारच्या खुर्चीत कोण होतं ते सांगत नाही. आणि आठवण सगळं सांगते, पण तारीख, रांग आणि खुर्ची स्वतःच्या सोयीनं बदलते. आमच्या शाखेतले एक जुने साहेब होते. 10 जानेवारी 1985 ला वानखेडेवर रवी शास्त्रीनं बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले आणि 113 मिनिटांत द्विशतक काढलं, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. शेजारच्या शाखेतल्या साहेबांनीही बघितलं होतं. आमच्या डॉक्टरांनीही बघितलं होतं. कामाच्या दिवशी रणजीच्या साखळी सामन्याला गर्दी ती किती असणार? पण मला आजवर भेटलेली माणसं जरी त्या दिवशी आत असती, तरी बाहेर ब्लॅकनं तिकिटं विकली गेली असती. मी या मंडळींना मनातल्या मनात विचारायचो, "काउंटरफॉइल आहे?" आणि स्वतःवर खूश व्हायचो. माझ्याकडे होतं ना!

ही खुशी गेल्या दिवाळीपर्यंत टिकली.

'डबेवाला' 2021 च्या एप्रिलमध्ये गेला, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, आणि त्याचे नातेवाईकच वीसच्या वर होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी गेलो असतो, तर आम्हाला आत सोडलं नसतं. आम्ही तिघांनी आपापल्या घरी बसून एकमेकांना फोन केला आणि फोनवर कुणीच काही बोललो नाही. 'स्कोअरबोर्ड'नं तेवढं विचारलं, "किती वाजता रे?" आणि बहुधा कुठंतरी लिहून ठेवलं.

गेल्या दिवाळीत वहिनी आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे फराळाला आले. मुलगा आता सतरा वर्षांचा, बापासारखाच उंच, चकल्या खाण्याची पद्धतही तीच, एकीकडे दुसरीवर लक्ष ठेवून. खाता खाता म्हणाला, "काका, ऑस्ट्रेलियाला आपण 93 ला काढलं ती मॅच बाबा नेहमी सांगायचे. शेवटची विकेट पडल्यावर ते तुमच्या खांद्यावर चढले होते ना?"

"अरे म्हणजे काय! चौघे होतो आम्ही!" मी म्हणालो आणि सगळी मॅच सुरू केली. नोव्हेंबर 2004. ऑस्ट्रेलिया मालिका आधीच जिंकून बसलेली, 1969 नंतर आपल्याकडची त्यांची पहिली. वानखेडेची खेळपट्टी अशी, की तिच्यावर भातसुद्धा लावता आला असता. पहिला दिवस पावसानं जवळजवळ धुऊन नेला. आपण 104, ते 203. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी बँकेत 'घरगुती कारण' लिहून रजा टाकलेली. त्या एका दिवसात वीस गडी पडले. लक्ष्मण 69, तेंडुलकर 55, आणि मग त्यांच्या मायकेल क्लार्कनं नऊ धावांत सहा बळी घेतले. नऊ धावांत सहा! आमच्या पेशाच्या माणसाचा एवढा पराक्रम जगात कुठं झालेला नाही. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, तर 'अंपायर'नं मला देशद्रोही ठरवलं. ऑस्ट्रेलियाला हवे होते फक्त 107. हरभजननं पाच, मुरली कार्तिकनं तीन काढले, ते 93 वर आटोपले आणि आपण 13 धावांनी जिंकलो. आमच्या डब्यातला दुर्मिळ विजय.

"थांब, पुरावाच दाखवतो," म्हणून मी डबा काढला.

कसोटीचं तिकीट म्हणजे पाच कूपनांची पट्टी होती. रोज गेटावर एक कूपन फाडून घेत. सामना तीन दिवसांत संपला, म्हणजे प्रत्येक पट्टीवर चौथ्या आणि पाचव्या दिवसाची दोन कूपनं शिल्लक राहायला हवीत. मी सवयीनं मोजली. पहिली पट्टी, दोन. दुसरी, दोन. तिसरी, दोन. चौथी पट्टी, तीन.

मी पुन्हा मोजली. कॅश जुळली नाही की पोटात जो गोळा येतो, तो मला ओळखीचा आहे. तिसऱ्या दिवसाचं कूपन जागच्या जागी होतं, कडेला एक दातही तुटलेला नाही.

"काय झालं काका?"

"काही नाही रे, चष्मा आणतो," म्हणून मी आत गेलो आणि 'स्कोअरबोर्ड'ला फोन लावला. तो आता डोंबिवलीला असतो. वह्या त्याच्याकडे सगळ्या आहेत. त्याच्याही घरी माळा आहे आणि दिवाळी आहे. पाच मिनिटांत त्यानं उलट फोन केला. "पाच नोव्हेंबर ना? आहे. कडेला लिहिलंय माझ्याच अक्षरात. डबा नाही. वडापाव 3."

डबा नाही. वडापाव 3. मी पलंगावर बसलो आणि मग हळूहळू सगळं वर आलं. 'डबेवाल्या'च्या आईचं त्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, गिरगावातल्याच एका नर्सिंग होममध्ये. दिवाळीच्या आत डोळा उघडायला हवा म्हणून तीच तारीख घेतलेली. ती माउली त्याला म्हणाली होती, "तू जा रे मॅचला. डोळा माझा आहे, तुझा नाही." तो गेला नाही. संध्याकाळी आम्ही तिघे घसे बसलेल्या अवस्थेत स्टेडियमवरून थेट तिथं गेलो. कॉरिडॉरमधल्या बाकावर त्याला पहिल्या चेंडूपासून मॅच सांगितली. तो मध्ये मध्ये विचारत होता, "किती वळला? लक्ष्मण पुढे आला का मागे गेला? गिलख्रिस्टचं तोंड कसं झालं?" आतून, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या त्याच्या आईचा आवाज आला, "जरा मोठ्यानं सांगा रे, मलाही ऐकू दे." मग नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. शेवटची तीन षटकं आम्ही फुटपाथवर पूर्ण केली, आणि शेवटचा गडी पडला तेव्हा तो माझ्या खांद्यावर चढला. फुटपाथवर.

पुढं सोळा वर्षं ती मॅच तोच सांगत आला. आमच्यात त्याच्याइतकी चांगली ती कुणालाच सांगता येत नसे. इतकी, की मलाही तो शेजारच्या खुर्चीत दिसायला लागला होता.

बाहेर पोरगा डब्याकडे बघत बसला होता. आता काय करायचं? 'हो रे, होता तो' म्हणून झाकण लावणं सोपं होतं. गेलेल्या माणसाच्या नावावर एक मॅच जास्त जमा झाली, तर कुठला ऑडिटर विचारायला येणार आहे? पण तेवढ्यात वडिलांचा विश्वनाथ आठवला. पोरगा बापाबद्दल विचारत होता, आणि मी त्याला त्याचा बाप आहे त्याहून वेगळा सांगणार होतो. मैदान सोडून आईपाशी बसला होता तो.

मी बाहेर येऊन त्याला सगळं सांगितलं. पट्ट्या दाखवल्या. कूपनं मोजून दाखवली.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बाबा खोटं सांगत होते?"

"नाही रे," मी म्हणालो. "पानिपतच्या बखरी लिहिणारे सगळेच काही पानिपतावर नव्हते. आणि आम्ही तिघे होतो म्हणजे काय मोठं? 'स्कोअरबोर्ड' मान खाली घालून लिहीत होता. 'अंपायर' मैदानाकडे पाठ करून शेजाऱ्याशी भांडत होता. माझ्या पुढं झेंडावाला एक आडदांड गृहस्थ होता, मी अर्धी मॅच अशोकचक्रातून बघितली. तिघांची मॅच एकत्र जमली ती त्या बाकावर, तुझ्या बाबाला सांगताना. पूर्ण मॅच बघितलेला आमच्यात तो एकटाच."

वहिनी पदरानं डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, "सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला इंडिया जिंकली."

हल्ली बऱ्याच सामन्यांचं तिकीट फोनवर येतं. एका चौकोनात काळ्या मुंग्या चिरडल्यासारखं चित्र असतं, ते दारावर यंत्राला दाखवलं की आत सोडतात. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. फाडत कुणी नाही, त्यामुळे अर्धुक उरत नाही. पण उद्या कुणाचं पोर विचारायला आलं, तर न फाडलेलं कूपन त्याला कुठून दाखवणार?

पोरानं जाताना विचारलं, "काका, ही पट्टी मी नेऊ?"

आता डब्यातली वस्तू बाहेर द्यायची म्हणजे नोंद नको? मी एक चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: 'एक तिकीट, नोव्हेंबर 2004, तीन कूपनांसह, वारसास दिले.' तारीख घातली आणि खाली त्याची सही घेतली. आमच्या बँकेत मयत खातेदारांच्या वारसांच्या सह्या मी रोज घेतो. हात कधी थांबला नव्हता. त्या दिवशी सही कुठं करायची ते दाखवायला बोट टेकवलं आणि ते जरा वेळ तिथंच राहिलं.

चिठ्ठी डब्यात टाकली. सदतीसातली छत्तीस उरली. चिठ्ठी धरली तर हिशेब जुळतो.

ते गेल्यावर आमची ही डबा घेऊन आत गेली. मी स्टूल उचलायला लागलो, तशी म्हणाली, "राहू द्या, माळ्यावर नाही ठेवत." आणि तिनं तो कपाटात, खालच्या कप्प्यात, पासबुकं आणि आमची लग्नपत्रिका असते तिथं ठेवला.

म्हणजे पत्रिका तिनंही टाकलेली नव्हती.